वाजलं, पण काय?

सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद आणि सोन्याची नाजूक अंगठी, मेटल डिटेक्टरला ही दोन्ही जवळजवळ सारखीच ऐकू येतात. हे मी ज्यांना सांगतो त्यांना पटत नाही. जयपूरमध्ये तर नाहीच. जिथं जोहरी बाजारातला मिसरूड न फुटलेला पोरगासुद्धा खडा चिमटीत धरून उजेडाकडे करतो आणि त्याचं मोल सांगतो, तिथं एवढ्या महागाच्या यंत्राला सोनं ओळखता येऊ नये याचं लोकांना नवल वाटतं. पण यंत्राला सोनं ठाऊकच नसतं. समोर वीज खेळवणारी एखादी वस्तू आहे आणि ती किती जोरात, किती उशिरानं उत्तर देते, एवढंच त्याला कळतं.

आत तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात. एकातून सारखी उलटसुलट वीज फिरते आणि भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्या क्षेत्रात धातू आला की त्याच्या अंगात विजेचे भोवरे उठतात, ते भोवरे स्वतःचं बारीकसं क्षेत्र उभं करतात आणि दुसरं वेटोळं ते ऐकतं. जाड चांदीचा रुपया उशिरा आणि ठाम बोलतो. पातळ पत्रा, चंदेरी कागद, लहान अंगठी लवकर आणि पुसट बोलतात. लोखंडाची तऱ्हाच वेगळी, ते क्षेत्रालाच आपल्याकडे ओढून घेतं. इतकं सगळं झाल्यावर माणसाला मिळतं काय, तर एक ‘पीप’. तिचा अर्थ लावायचं काम त्या माणसाचं, आणि गेली वीस-बावीस वर्षं ते माझं पोट आहे.

मी मूळचा सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला. आमच्याकडचा माणूस भारतातल्या कुठल्याही शहराच्या सराफ बाजारात सापडतो, कारण पाऊस नसलेल्या त्या माळरानातून पिढ्यान्‌पिढ्या माणसं बाहेर पडली ती सोनं-चांदी गाळायला. विटा, आटपाडी, खानापूर या भागातली गलाई दुकानं देशभर आहेत. माझे चुलते, आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणतो, जोहरी बाजाराच्या पोटातल्या एका रस्त्यावर भट्टी चालवतात. जयपूरच्या जुन्या शहरात गल्लीला रस्ता म्हणतात. आपल्याकडचा माणूस पत्ता ऐकून हमरस्ता शोधत येतो आणि दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीला मागं घ्यावी लागेल अशा बोळात शिरतो. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा घेऊन मीही असाच आलो. भट्टीवर बसायचं नाही एवढं ठरलेलं होतं, कारण तेजाबाच्या धुरानं घरातल्या दोघांची छाती गेलेली मी पाहिली होती. एका सुरक्षा-उपकरणांच्या दुरुस्तीवाल्याकडे लागलो, पुढं स्वतःचं काम सुरू केलं.

तात्यांना माझ्या धंद्याचं कौतुक कधी नव्हतं. “लेका, तुझं मशीन बोंबलतंय कशापायी ते त्येलाच ठाव न्हाई,” असं ते पहिल्याच दिवशी म्हणाले. ते स्वतः कसोटीच्या काळ्या दगडावर रेघ ओढतात, तेजाबाचा थेंब टाकतात आणि रंग पाहून टंच सांगतात. शेजारी आता एक्स-रेवर शुद्धता दाखवणारी यंत्रं आली आहेत. तात्या तिथला आकडा बघतात, पण रेघ ओढल्याशिवाय त्यांचं समाधान होत नाही.

मी दोन तऱ्हेची यंत्रं सांभाळतो. एक देवळांत, हॉटेलांत, कारखान्यांत उभी असलेली चौकट आणि तिच्याबरोबर पहारेकऱ्याच्या हातातलं छोटं यंत्र. दुसरी, जमिनीवर फिरवायची दांडी. जमिनीचं काम कमी येतं, पण कान तयार होतो तो त्यातच. ठेकेदाराला जुना नळ कुठून गेला आहे ते हवं असतं, कुठं डांबराखाली गेलेलं गटाराचं झाकण शोधायचं असतं.

जमिनीवर पहिली गोष्ट म्हणजे जमीनच गप्प करावी लागते. अरवलीच्या पायथ्याच्या कोरड्या ओढ्यांमध्ये काळी, चुंबकाला चिकटणारी वाळू असते, आणि ती स्वतःच बोलते. म्हणून वेटोळं जमिनीपासून वरखाली करत यंत्र असं जुळवायचं, की उंची बदलली तरी गुणगुण बदलू नये. मग चालायचं. वेटोळं जमिनीला समांतर ठेवून, गवत कापल्यासारखं अर्धवर्तुळात, आधीच्या पट्ट्यावर थोडं चढवून. नवशिके शेवटाला हात वर उचलतात आणि तिथली जमीन ऐकायची राहते. आवाज आला की थांबून त्याच जागेवरून उलट फिरवायचं. डावीकडून येताना वाजलं आणि उजवीकडून जाताना तुटलं, तर बहुधा खिळा. दोन्हीकडून एकसारखं, गोल, कडा असलेलं वाजलं तर तिथं काहीतरी धड आहे. मग नव्वद अंशांत वळून पुन्हा ऐकायचं. लांब वस्तू दोन टोकांना दोनदा वाजते. पाइप ओळीनं वाजत जातो. गंजलेला खिळा आपल्या आकाराहून मोठा बोलतो, कारण त्याचा गंज वर्षानुवर्षं भोवतीच्या मातीत झिरपलेला असतो, आणि उकरून काढल्यावर हातात येतो तो काडीएवढा तुकडा. एकदाच वाजून पुन्हा न वाजलेल्या आवाजाला मी आवाज समजत नाही. वरून विजेची तार जात असेल, कुणाच्या खिशातला मोबाइल असेल, किंवा दांडीला सैल गुंडाळलेली केबल हलली असेल.

या कामामुळे माझ्याकडे आणखी एका जातीचे लोक येतात. शेतात आजोबांनी हंडा पुरला आहे, कुणा बाबानं जागा दाखवली आहे, मशीन घेऊन रात्री या. मी जात नाही. सरकारी कायदा १८७८ सालचा आहे आणि अजून लागू आहे. जमिनीत दडवलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. दहा रुपये ऐकून लोक हसतात. संरक्षित स्मारकाच्या आवारात परवानगीशिवाय खोदणं हा गुन्हाच. पण कायद्यापेक्षा मला भीती वाटते ती बाबाची. गुप्तधनाच्या नादात माणसं काय थराला जातात ते आपल्या महाराष्ट्रानं पुरेसं पाहिलेलं आहे, २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा उगाच नाही करावा लागला.

आणि जयपुरात गुप्तधनाचा विषय निघाला की बोट जयगडाकडेच जातं. आणीबाणीत, १९७६ साली, सरकारनं त्या किल्ल्यावर महिनोन्‌महिने खजिना शोधला. अकबराचा सेनापती राजा मानसिंह काबूलच्या मोहिमेतून लूट घेऊन आला आणि ती जयगडावर, पाण्याच्या टाक्यांखाली, पुरली अशी कथा. महाराणी गायत्रीदेवींना आदल्या वर्षीच तिहारच्या तुरुंगात टाकलं होतं. प्राप्तिकर खात्याचे लोक आले, सैन्य आलं, खणाखणी झाली. ऑगस्टमध्ये पाकिस्तानच्या भुट्टोंनी इंदिरा गांधींना पत्र लिहून त्यात पाकिस्तानचाही वाटा मागितला. म्हणजे सापडलेलं काही नाही आणि वाटणी आधीच सुरू. वर्ष संपता संपता इंदिराबाईंनी उत्तर दिलं, की खजिना मिळालेला नाही. हाती लागली ती २३० किलो चांदी, असं छापून आलेलं आहे. गावात मात्र तुम्ही कुठल्याही चहावाल्याला विचारा, तो सांगेल की दिल्लीचा रस्ता बंद करून ट्रकच्या ट्रक भरून गेले.

मला त्यातल्या राजकारणापेक्षा यंत्र फिरवणाऱ्या जवानाबद्दल कुतूहल आहे. जयगडावर तोफा ओतायचा कारखाना होता. चाकांवरच्या जगातल्या सर्वांत मोठ्या तोफांमध्ये गणली जाणारी जयबाण तिथंच १७२० साली ओतली. वीस फुटांची नळी, पन्नास टन वजन. तोफेची नळी आतून कोरायचं बैलांनी फिरवायचं यंत्रसुद्धा तिथं आजही बघायला मिळतं. आता विचार करा, जिथं पिढ्यान्‌पिढ्या धातू वितळला, सांडला, कोरून निघाला, जिथं मळी फेकली गेली, खिळे-नाल-बिजागऱ्या गंजत पडल्या, त्या डोंगरावर दांडी धरून उभं राहायचं. पाऊल टाकाल तिथं वाजणार. त्यात सैन्याचं यंत्र सुरुंग शोधायला बनवलेलं, त्याला लोखंड ऐकायचंच असतं. लोखंड बाजूला सारून उरलेलं ऐकवणारी यंत्रं तेव्हा कुठं बाजारात येऊ लागली होती. तात्यांना घेऊन मी एकदा तिथं गेलो होतो. टाकीच्या कठड्यावर बसून ते म्हणाले, “हितं खजिना घावायचा म्हंजी जत्रंत पोरगं हाक मारून हुडकायचं.” साठ लाख गॅलन पाणी मावणारी ती टाकी. त्या दिवशी तिच्यात वानरांची पोरं खेळत होती.

अर्थ लावण्यातली चूक यंत्राइतकीच जुनी आहे. अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांना २ जुलै १८८१ रोजी गोळी लागली. ती शरीरात कुठं रुतली आहे ते कळेना, तेव्हा टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहम बेलनं दोन वेटोळ्यांचं एक उपकरण जुळवलं आणि टेलिफोनचा कर्णा कानाला लावून तो अध्यक्षांच्या अंगावरून ते फिरवत गेला. आवाज आला, पण जिथं तिथं आला. नंतर उलगडा झाला की गादीखाली पोलादी तारांच्या स्प्रिंगा होत्या. शिवाय डॉक्टरांची खात्री होती की गोळी उजव्या बाजूला आहे, म्हणून बेलला उजवी बाजूच तपासू दिली. गोळी डावीकडे होती. गारफील्ड सप्टेंबरमध्ये वारले, आणि त्यात डॉक्टरांच्या न धुतलेल्या बोटांचा वाटा गोळीपेक्षा मोठा होता असं आता मानतात. मला या गोष्टीतल्या स्प्रिंगांपेक्षा ती उजवी बाजू जास्त छळते. कुठं ऐकायचं हे ज्यानं आधीच ठरवून टाकलं आहे, त्याच्या हातात कितीही चांगलं यंत्र द्या.

स्प्रिंगा मला रोज भेटतात. चौकट ‘उगाचच वाजते’ म्हणून बोलावणं येतं तेव्हा दहातल्या निम्म्या वेळा दोषी निघते ती पहारेकऱ्याची लोखंडी खुर्ची. तो बसला की चौकट वाजते, उठला की वाजते. बाकीच्या वेळा दुकानाचं शटर, जवळची लिफ्ट, जमिनीतल्या सळया, शेजारी उभी केलेली दुसरी चौकट. दोन चौकटी जवळ आल्या की शेजारणींसारख्या एकमेकींना टोकतात, दोघींना वेगळ्या कंपनसंख्येवर लावावं लागतं. पायाचे बोल्ट ढिले झाले असतील तर वाऱ्यानं चौकट डुलते आणि तेवढ्यानं वाजते. जयपूरचा मे महिना तिला सोसत नाही. दुपारी पंचेचाळीस अंशांत उन्हात उभी असलेली चौकट सकाळी जुळवली होती तशी राहत नाही, म्हणून सुरू केल्यावर दहा मिनिटं तापू द्यावी आणि मगच शून्यावर आणावी, ऊन सरकलं की पुन्हा बघावी. लू वाहायला लागली की बारीक वाळू सगळीकडे शिरते. कोरड्या फडक्यानं पुसावं एवढंच तिचं मागणं असतं, पण झाडूवाला फिनेलची बादली तिच्या पायाशी ओततो आणि खालची पट्टी गंजते. हातातल्या यंत्राचे हाल तर बघवत नाहीत. वाजेना झालं की पहारेकरी ते तळहातावर आपटतो. आतलं वेटोळं मग एक दिवस तडकतं. खरं तर नऊ व्होल्टची बॅटरी बदलली असती तर भागलं असतं. सुट्टीच्या काळात बॅटरी काढून ठेवा, नाहीतर ती पाझरते आणि पितळी पट्ट्या हिरव्या पडतात, हे मी इतक्या वेळा सांगितलं आहे की काही ठिकाणी मला ‘बॅटरीवाले भैया’ म्हणतात.

उगाच वाजणाऱ्या यंत्राची तक्रार येते. न वाजणाऱ्याची येत नाही. एका कार्यालयात मी दुसऱ्याच कामाला गेलो होतो, तिथली चौकट दिमाखात दिवे लावून उभी होती आणि तिची ऐकणारी बाजू पार मेलेली होती. कधीपासून, कुणाला सांगता येईना. सगळे खूश होते, कारण कुणाला अडवावं लागत नव्हतं. म्हणून मी ज्यांना ज्यांना चौकट बसवून देतो त्यांना पितळेचा एक ठोकळाही देतो. रोज सकाळी तो घोट्याशी, कमरेशी, खांद्याशी धरून तीनदा आत-बाहेर करायचं आणि वहीत सही करायची. पहिला आठवडा करतात. नंतर महिन्याभराच्या सह्या एकाच दिवशी, एकाच पेनानं होतात.

सीतापुराच्या औद्योगिक वसाहतीत दागिन्यांचे कारखाने आहेत. तिथं चौकट उलटी चालते. देवळात माणूस आत येताना तपासतात, इथं बाहेर पडताना. संध्याकाळी साडेसहाला भोंगा होतो आणि दोनशे माणसं रांगेत उभी राहतात. अशाच एका कारखान्यानं मला बोलावलं. मालकाला एक ग्रॅम सोन्याची गोळी ऐकू यायला हवी होती. चौकटीवर शंभरापर्यंतचा आकडा असतो, तो वाढवत जायचा. साठला हातोडी वाजते, किल्ल्यांचा जुडगा वाजतो. पंचाऐंशीच्या पुढं गेलो तेव्हा गोळी ऐकू यायला लागली, आणि तिच्याबरोबर पँटीची चेन, चपलेतला खिळा, अंतर्वस्त्राचे हुक, पायांतली जोडवी. मालकानं प्लास्टिकच्या बटणांचे गणवेश शिवून घेतले. बायकांसाठी दाराशी डब्या ठेवल्या, पायल आणि बिछिया काढून ठेवायला. चांदीच्या बिछिया वर्षानुवर्षं बोटांत रुतलेल्या. एका बाईची काही केल्या निघेना. सोबतच्या दोघी साबण लावून ओढत होत्या आणि ती बाई तोंड दुसरीकडे करून उभी होती. मी शेवटी मालकाला म्हणालो, निघत नाहीत त्यांचं सकाळी आत येताना माप घ्या, संध्याकाळी तेवढंच आलं तर सोडा. ते त्यानं मानलं.

तो बंगाली कारागीर मला तिथंच भेटला. हिरे जडवायचा. चाळिशीचा असेल. स्कूटरवरून पडून त्याच्या उजव्या नडगीचं हाड मोडलं होतं आणि आत पट्टी आणि सात स्क्रू होते. आकडा वाढवायच्या आधी तो निवांत जात असे. आता रोज वाजू लागला. पहारेकरी त्याला पडद्याआड नेई, तो पँट वर करून व्रण दाखवी. मग त्यानं एक्स-रेची फिल्मच प्लास्टिकच्या पिशवीतून आणायला सुरुवात केली. पहारेकरी ती ट्यूबलाइटपुढं धरून स्क्रू मोजायचा. रांगेतली माणसं मागं थांबलेली, कुणी हसतंय, कुणाची बस चुकतेय.

शल्यक्रियेतलं पोलाद साध्या लोखंडासारखं नसतं. त्याला चुंबक लागत नाही, वीजही ते कंजूषपणे खेळवतं. म्हणजे ते पुसट बोलतं, जवळजवळ लहानशा सोन्याच्या तुकड्यासारखं. मालकानं मला विचारलं की हा आवाज पट्टीचा की आणखी कशाचा. मी सात दिवस मागितले. जमिनीवर जे करतो तेच केलं. तो सकाळी आत येताना तीनदा चालला, संध्याकाळी बाहेर जाताना तीनदा, चपला काढून, त्याच वेगानं. किती दिवे पेटले, कुठल्या उंचीला, कुठल्या बाजूला, सगळं लिहिलं. सात दिवस, बेचाळीस फेऱ्या. उजवी बाजू, खालून दुसरा पट्टा, एखाद्या दिव्याच्या फरकानं तेवढेच दिवे. सकाळ-संध्याकाळमध्ये फरक नाही.

मी तसं लिहून दिलं. मॅनेजर म्हणाला, असं नको, सरळ लिहा की याच्याकडे सोनं नसतं. तसं मला लिहिता येईना. पट्टीच्या आवाजाआड तेवढाच लहान दुसरा आवाज लपू शकतो. यंत्र दोघांना वेगळं करून सांगत नाही, आणि जे ते सांगत नाही ते त्याच्या नावावर मी कसं खपवू? त्याऐवजी मी म्हणालो, या चौकटीत प्रत्येक पट्ट्याचा आकडा वेगळा ठेवता येतो. खालचा दुसरा पट्टा आठ अंकांनी उतरवा, तो निवांत जाईल. मॅनेजरनं लगेच विचारलं की मग तिथून काय काय निवांत जाईल. एक ग्रॅमची गोळीही जाईल, हे मला सांगावं लागलं. चोरीची पहिली जागा मोजा आणि बूट, तो म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं.

कारागिरानं मला चहाच्या टपरीवर गाठलं. “दादा, मशीन को थोड़ा कम नहीं कर सकते? बस मेरे लिए.” चौकटीचा गुप्त आकडा माझ्याकडे होता. रात्री येऊन केलं असतं तर कुणालाही कळलं नसतं. मी त्याला खरं कारण सांगितलं. उद्या कुणाचं खरंच सोनं गेलं, तर आकडा कुणासाठी उतरवला हे पहिल्यांदा विचारलं जाईल, आणि तेव्हा पडद्याआड पँट वर करून भागणार नाही. त्यानं ऐकून घेतलं. पटलं असं नाही वाटलं मला. मालकाशी बोलून मी एवढं करून घेतलं, की त्याचं नाव आणि दिव्यांचा आकडा वहीत पहिल्या पानावर लावायचा, तेवढेच दिवे लागले तर अडवायचं नाही आणि एक्स-रे मागायचा नाही. चार महिने चाललं. मग पहारेकऱ्यांची कंपनी बदलली, नवे आले, वही कपाटात गेली, पडदा पुन्हा ओढला गेला. मी पुढच्या खेपेला गेलो तेव्हा कळलं की तो राजकोटला गेला.

सगळ्याच चौकटी इतक्या तिखट कानाच्या नसतात. १३ मे २००८ च्या मंगळवारी संध्याकाळी जुन्या शहरात बाँबस्फोट झाले, साठहून जास्त माणसं गेली. बाँब सायकलींवर बांधलेले होते. जोहरी बाजार, त्रिपोलिया, चांदपोल, सगळा रोजचा परिसर. त्यानंतर वर्षभर मला श्वास घ्यायला फुरसत नव्हती, देवळांना, बाजारांना, हॉटेलांना चौकटी हव्या होत्या. मी बसवत गेलो. सायकल म्हणजे पंधरा-वीस किलो लोखंड, ती चौकटीतून जातच नाही, बाहेर भिंतीला टेकून उभी राहते, हे मला आणि बसवून घेणाऱ्यालाही दिसत होतं. एका देवळात सणाच्या दिवशी मी तासभर उभा राहिलो. तांब्या, पूजेचं ताट, कडं, नाणी, मोबाइल, प्रत्येक माणूस वाजत होता, आणि पहारेकरी हसून सगळ्यांना ‘चलो, चलो’ म्हणत होता. मी आकडा खाली आणला, निदान मोठं लोखंड वेगळं ऐकू यावं म्हणून. दुसऱ्या दिवशी फोन आला की मशीन बिघडलंय, आता वाजतच नाही.

चौकटीतून न वाजता जाणारं सोनं कुठलं, हे मला तात्यांनी दाखवलं. दागिना घासताना, पॉलिश करताना सोन्याची पूड उडते. कण इतके बारीक असतात की एकेकात भोवरा उठायला जागाच नसते, आणि कण सुटे असल्यामुळे सगळ्यांचे मिळून एक होत नाहीत. मूठभर पूड चौकटीखालून न्या, ती गप्प. म्हणून कारखान्यात हात धुतलेलं पाणी साठवतात, पायपुसणी जपतात, जुन्या सतरंज्या आणि झाडलोट पोत्यांत भरून ठेवतात. आपल्याकडे हे काम झारेकरी करत, सोनाराच्या दारातली माती धुऊन. जयपुरात त्यांना न्यारिये म्हणतात. जोहरी बाजाराच्या गटारांशी पहाटे झाडू आणि पाटी घेऊन बसलेले मी अजून बघतो.

दिवाळीनंतर सीतापुराहून अशी चार पोती तात्यांच्या भट्टीवर आली. त्यात पायपुसण्या होत्या, फाटके ॲप्रन होते, पॉलिशच्या चाकांचा भुगा होता. जाळून राख केली, राख धुतली, उरलेलं मुशीत घातलं. दोन दिवस गेले. तेजाबाचा पिवळा धूर निघायला लागला तसं मी दारात जाऊन उभा राहिलो. शेवटी मुशीच्या तळाशी एक पिवळी गोळी राहिली, हरभऱ्याहून मोठी. तात्यांनी ती चिमट्यानं पाण्यात सोडली, पुसली आणि माझ्या पिशवीतलं हातातलं यंत्र स्वतः काढून तिच्यावर धरलं. वाजलं.

“आता वाजतंय बघ,” ते म्हणाले, “चार पोत्यात व्हतं तवा का न्हाई वाजलं?”

मी कण आणि भोवऱ्यांचं पुन्हा सांगायला लागलो. ते ऐकत नव्हते. काट्यावर गोळी ठेवून त्यांनी चष्मा वर केला, आकडा दोनदा वाचला, कागदाच्या पुडीत ती बांधली, वर कारखान्याचं नाव आणि वजन लिहिलं आणि पोराला चहा सांगायला पिटाळलं.